शुगरची गोळी आणि सोयाबीनचं तणनाशक एकाच घराण्यातलं? आईनं गोळी बंद केली आहे, सांगा काय करू

काळीमाती
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. प्रश्न वावराचा आहे का दवाखान्याचा हेच मला समजून नाही राहिलं, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवून द्या.

माझ्या आईला सहा वर्षांपासून शुगर आहे. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन मिळून एक गोळी घेते, तब्येत चांगली होती. मागच्या रविवारी मी सोयाबीनसाठी क्लोरिम्युरॉन इथाइलची पुडी आणली. पोरगी अकरावी सायन्सला आहे, तिनं पुडीतला कागद उलगडून वाचला तर त्यात गट लिहून होता सल्फोनिलयुरिया. ती म्हणे बाबा, आजीच्या गोळीच्या कागदावर पण हाच शब्द आहे. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले तर खरंच तोच शब्द. हे सगळं ओसरीवर चालू होतं आणि आई तांदूळ निवडत ऐकत होती हे आमच्या ध्यानातच नाही आलं. ती एकदम म्हणाली, "म्हंजे सहा वर्सापासून मले गवत मारायचं औषध चारून रायले का तुमी?" त्या दिवसापासून गोळी बंद. आज सहावा दिवस आहे. काल उपाशीपोटी तपासली तर २४३.

मी समजावलं, पोरीनं समजावलं, ऐकत नाही. आणि खरं सांगतो, मलाच नीट माहीत नाही तर काय समजावणार. दोन गोष्टी सांगा. हे दोन औषधं खरंच एक आहेत का? आणि पुडी घरात तशीच पडून आहे, तण दोन-तीन पानांवर आलं आहे, फवारू का नको?

धुऱ्यावरचा
पुढे काय होते वाचायला थांबतो. माझ्या घरी पण बाबाले हीच गोळी आहे.

फार्मसीवाली_वर्धा
काळीमाती दादा, बाकी सगळं नंतर, आधी आज संध्याकाळच्या आत डॉक्टरांना फोन करा. सहा दिवस खंड पडला आणि आकडा २४३ आला हे स्पष्ट सांगा. पाय, डोळे, लघवी यांचं काही नवीन असेल तर तेही सांगा. आणि एक चूक करू नका, राहिलेल्या दिवसांची भर म्हणून दोन गोळ्या एकदम देऊ नका. या गोळीनं साखर जास्त खाली पण जाते, ते वर जाण्यापेक्षा लवकर अंगाशी येतं.

आता आईंना सांगायचं उत्तर: नाही, एक नाहीत. आडनाव एक आहे. एकाच आडनावाची दहा घरं गावात असतात, त्यातला एक पोलीस पाटील असतो, एक न्हावी असतो आणि एक मास्तर असतो, तसं.

डवरा_वखर
भाऊ तुमच्या मायचं मले काई चुकीचं वाटत नाई. कागदावर एकच नाव लिवलं असन तं माणूस भेनच ना. आमी कास्तकार लोकं, आमाले औषध म्हनजे काय, कृषी केंद्रातलं बी औषध अन् मेडिकलातलं बी औषध. शबूद तोच वापरतो आपन. फवारनीचं इख हाये ते, त्याले औषध म्हननंच बंद करा पह्यले.

काळीमाती
@फार्मसीवाली ताई, फोन केला. डॉक्टर उद्या सकाळी घेऊन या म्हणाले. आईनं यायचं कबूल केलं पण गोळीबद्दल अजून तोंड फिरवते आहे.

@डवरा_वखर काका, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरंच, "औषध मारायला गेलो" म्हणतो आपण.

रसायनवाले_सर
चिखलीला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. तुमच्या मुलीचं आधी कौतुक, असे दोन कागद शेजारी ठेवून पाहणारे विद्यार्थी वर्षात एखादाच मिळतो. तिला रागावला असाल तर रागावू नका.

रेणूचा भाग शक्य तितका सोपा करून सांगतो. बैलजोडी डोळ्यासमोर आणा. मधे जू असतं आणि दोन बाजूंना दोन बैल. सल्फोनिलयुरिया हे त्या जुवाचं नाव आहे. एक गंधकाचा अणू, त्याला दोन ऑक्सिजन, पुढे नायट्रोजन, मग कार्बन-ऑक्सिजनची जोडी, मग परत नायट्रोजन. एवढा तुकडा तणनाशकातही आहे आणि गोळीतही. पण जुवाला जुंपलेले बैल वेगळे आहेत. क्लोरिम्युरॉनमध्ये एका बाजूला पिरिमिडीन नावाचं कडं आहे, त्यावर क्लोरिन बसलेला. ग्लिमेपिराइडमध्ये त्या जागी सायक्लोहेक्झेनचं कडं आहे, आणि दुसऱ्या बाजूलाही लांबलचक वेगळी शेपटी. जू बघून गाडी कुठे चालली ते सांगता येत नाही, ते बैल ठरवतात.

आता काम कसं करतात. गोळी स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवर जाते. तिथे पोटॅशियमची एक झडप असते, ती गोळीनं बंद होते आणि पेशी इन्सुलिन बाहेर सोडते. तणनाशक जातं वनस्पतीच्या एका एन्झाइमवर, त्याचं नाव अॅसिटोलॅक्टेट सिंथेज. वनस्पती त्या एन्झाइमवर ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं स्वतः तयार करते. ते बंद पडलं की नवीन पेशी बनत नाहीत, शेंडा थांबतो, पिवळा पडतो आणि दोन-तीन आठवड्यात तण मरतं. माणसात, गायीत, कोंबडीत हे एन्झाइमच नाही. ही तीन आम्लं आपण तयार करत नाही, तुरीच्या वरणातून, दुधातून घेतो. म्हणजे ज्या कुलपाला ही किल्ली लागते ते कुलूपच आपल्या घरात नाही.

झाडीपट्टी
सर एकच नंबर समजावलं. आमच्याकडे भंडाऱ्याला धानाच्या बांधीत क्लोरिम्युरॉन अन् मेटसल्फ्युरॉन मिळून येते ती एकराला फक्त ८ ग्रॅमची पुडी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा आमच्या वडिलांना विश्वासच नाही बसला, एवढ्याशा पुडीनं एकर कसा होईल म्हणून. मग रोवणीनंतर रुंद पानाचं सगळं गेलं.

रसायनवाले_सर
@झाडीपट्टी, ग्रॅमात डोस येणं हाच या गटाचा मोठा बदल. त्याआधीची बरीच तणनाशकं हेक्टरी किलोच्या हिशोबात मारावी लागत. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जॉर्ज लेविट नावाचे रसायनतज्ज्ञ होते, त्यांनी १९७५ च्या सुमारास हे शोधलं आणि १९८२ मध्ये यातलं पहिलं, क्लोरसल्फ्युरॉन, गव्हासाठी बाजारात आलं. तिकडे माणसाची गोळी मात्र आधीची आहे. टोल्ब्युटामाइड १९५६ पासून वापरात आहे. म्हणजे आईंना सांगा की त्यांना गवताचं औषध दिलेलं नाही, गोळी थोरली बहीण आहे.

मुलगा_पुण्यात
मूळचा दिग्रसचा. सर, गोळीचा शोध कसा लागला तेही सांगा ना, मी कुठेतरी वाचलं होतं की टायफॉइडशी काहीतरी संबंध आहे.

फार्मसीवाली_वर्धा
ते मी सांगते, हा माझ्या फार आवडीचा किस्सा आहे. १९४२ साल, फ्रान्समधलं माँपेलिए शहर, महायुद्ध चालू. तिथे मार्सेल जांबों नावाचे डॉक्टर टायफॉइडच्या पेशंटांना एक नवीन सल्फा औषध देऊन पाहत होते. सल्फा म्हणजे जंतू मारणारी गोळी, पेनिसिलिन सगळीकडे पोचायच्या आधी तीच मोठी आशा होती. तर पेशंटांना घाम सुटायला लागला, थरथर, झटके, काही जण दगावले. रक्त तपासलं तर साखर तळाला. त्यांनी हे आपले सहकारी ऑगस्त लुबातिएर यांना सांगितलं. लुबातिएर यांनी कुत्र्यांवर करून पाहिलं. स्वादुपिंड असलेल्या कुत्र्याची साखर उतरली, स्वादुपिंड काढलेल्याची नाही. म्हणजे औषध स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं हे कळलं. त्यातून पुढे या गोळ्या आल्या.

मला यात नेहमी ते पेशंट आठवतात. आज आपल्याला पाच-दहा रुपयात जी गोळी मिळते तिच्यामागे ते लोक आहेत.

डवरा_वखर
अरे बाप रे. म्हंजे तापाच्या औषधातून साखरेचं निंगालं.

रसायनवाले_सर
आणि काका, त्याच सल्फातून एक तणनाशकही निघालं. असुलाम नाव. सल्फा गोळी जंतूला फोलेट नावाचं जीवनसत्त्व तयार करू देत नाही, आपण फोलेट पालेभाजीतून घेतो म्हणून आपल्याला चालतं. वनस्पतीही फोलेट स्वतः बनवते, असुलाम तिथेच पाय अडकवतं. इंग्लंड-स्कॉटलंडकडे डोंगरावरच्या नेच्यांवर ते मारत. या ठिकाणी मात्र आडनावच नाही तर कामही एकच आहे, जंतूत आणि झाडात.

निंदणवाली
मी थोडं वेगळं बोलते, राग नका मानू. आमच्या गावात आम्ही पंधरा-वीस बाया निंदणाच्या टोळीत जायचो. जुलै ऑगस्टचे दोन महिने हातात पैसा यायचा, पोरांच्या वह्या-दप्तरं त्यातच व्हायची. ८ ग्रॅमची पुडी आली अन् निंदण अर्ध्यावर आलं. तुम्ही एन्झाइमचं बोलता ते बरोबर असेल, पण त्या पुडीनं कोणाचं काय गेलं तेही कोणी लिहा.

धुऱ्यावरचा
ताई तुमचं खरं आहे. पण आमच्याकडे झड लागली की पंधरा दिवस वावरात पाय ठेवता येत नाही, डवरा चालत नाही, बाई मिळत नाही, मिळाली तर सगळ्यांना एकाच दिवशी पाहिजे. तोवर केना अन् कुंजरू सोयाबीनच्या वर जाते. मागच्या वर्षी वाट पाहात बसलो तर सोयाबीन शोधावं लागलं.

निंदणवाली
झडीचं मान्य. केना तोडून टाकला तरी पडल्या जागी मुळं धरते, मला माहीत आहे, ह्याच हातांनी तीस वर्षं काढला. मी बंद करा नाही म्हणत. पण फवारल्यावर राहिलेलं मोठं तण बियावर यायच्या आधी एक हात निंदण ठेवा. तेवढं आमच्यासाठीही अन् तुमच्या पुढच्या सालासाठीही.

काळीमाती
ताई, पटलं. ठेवतो.

पूर्णाकाठ
दर्यापूरकडचा आहे, खारपाणपट्ट्यातला. सल्फोनिलयुरियाचं नाव काढलं म्हणून आमचा अनुभव लिहितो, दादांनी फवारायच्या आधी वाचावा.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीनवर क्लोरिम्युरॉन मारलं. पंप पाण्यानं एकदा विसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंपानं पराटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा-तुडतुड्याचं औषध मारलं (काका, माफ करा, विष). आठ दिवसांनी पराटीचे शेंडे पिवळे, पेरं आखूड, झाड खुजं होऊन बसलं. आम्ही बियाण्याला दोष दिला, दुकानदाराशी भांडलो, नंतर एका कृषी सहायकानं विचारलं की या पंपातून आधी काय मारलं होतं. तेव्हा उजेड पडला. ज्या औषधाचा डोस एकराला १४-१५ ग्रॅम असतो त्याचा चिमूटभर गाळ नळीत, गाळणीत राहिला तरी पराटीला पुरतो.

पाण्यानं तीनदा धुवा, नोझल अन् गाळणी काढून वेगळी धुवा, आणि मधल्या धुण्यात पाण्यात अमोनिया टाकून थोडा वेळ ठेवा. ही पावडर आंबट पाण्यात कमी विरघळते, खाऱ्या-अल्कधर्मी पाण्यात जास्त, म्हणून अमोनियानं सुटून येते. माझं तर आता ठरलं आहे, तणनाशकाचा पंप वेगळा, त्याला लाल पट्टी मारून ठेवली.

रसायनवाले_सर
@पूर्णाकाठ, तुमच्या पट्ट्यासाठी याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. हे रसायन आम्लधर्मी जमिनीत पाण्यानंच लवकर तुटतं. जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, ७ च्या वर गेला की ते तुटणं मंदावतं, मग सगळी भिस्त जमिनीतल्या जिवाणूंवर. आपली काळी जमीन साडेसात ते साडेआठ. अमेरिकेत तर क्लोरिम्युरॉनच्या लेबलवरच जास्त सामूच्या जमिनीसाठी बंधनं आहेत. त्यात पाऊस लवकर उघडला, जमीन कोरडी पडली की जिवाणूही थंड. मग खरिपाचं औषध रब्बीत भेटतं.

पूर्णाकाठ
म्हणजे हरभरा उगवून पिवळा पडला होता तो मर रोग नसेलही?

रसायनवाले_सर
झाड पाहिल्याशिवाय नाही सांगता येत. मर असेल तर खोड उभं चिरल्यावर आत काळपट रेघ दिसते. ती नसेल आणि जिथे फवारा वळताना दुबार पडतो त्या धुऱ्याकडच्या पट्ट्यातच पिवळं असेल तर शंका घ्यायला जागा आहे. पुढच्या वेळी पेरायच्या आधी त्या वावरातली माती कुंडीत भरून चार दाणे हरभऱ्याचे अन् चार मोहरीचे टाकून पाहा, पंधरा दिवसात समजतं.

संत्राबाग_वरुड
सगळे सोयाबीनचं बोलता, ग्लायफोसेट या तणनाशकाचं कोणीच नाही काढलं. त्याचा औषधाशी संबंध आहे का काही? आमच्याकडे बागेत लोकं सर्रास मारतात अन् चोरबीटीवाले, म्हणजे परवानगी नसलेलं तणनाशक सोसणारं बियाणं लावणारे, पराटीत.

फार्मसीवाली_वर्धा
आहे. तो रेणू पहिल्यांदा १९५० मध्ये स्वित्झर्लंडच्या एका औषध कंपनीत, सिलागमध्ये, हेन्री मार्टिन यांनी तयार केला होता. औषध म्हणून काही उपयोग दिसला नाही, बाजूला पडला. वीस वर्षांनी, १९७० मध्ये, मोन्सँटोमधल्या जॉन फ्रांझ यांना तो तण मारतो हे सापडलं आणि १९७४ पासून विक्री. म्हणजे जन्म दवाखान्याच्या दारात, संसार वावरात.

पण संत्राबाग दादा, आपल्या देशात त्याची नोंदणी चहामळा आणि पीक नसलेल्या जागेपुरतीच होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं आदेश काढून वापर कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरताच ठेवला. बागेत मारणं नियमात बसत नाही.

धुऱ्यावरचा
चोरबीटीवर वेगळा धागा काढा बुवा, इथे सुरू झाली तर दोनशे प्रतिसाद होतील अन् दादाच्या आईचं राहून जाईल.

मक्का_सिल्लोड
विदर्भातला नाही पण सोयरीक मेहकरची आहे म्हणून चालवून घ्या. आम्ही मक्यात टेम्बोट्रिऑन मारतो, त्यानं गवत जळत नाही तर पांढरंफटक होतं, दुधात बुडवून काढल्यासारखं. त्याचं पण असं काही नातं आहे का?

रसायनवाले_सर
विचारलंत हे फार बरं केलं. सगळ्यात सुंदर गोष्ट त्याच घराण्यात आहे.

बॉटलब्रशचं झाड पाहिलं असेल, लाल ब्रशासारखी फुलं, सरकारी कचेऱ्यांच्या आवारात असतं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या संशोधकांच्या लक्षात आलं की या झाडाखाली तण फार कमी उगवतं. झाडातून लेप्टोस्पर्मोन नावाचा पदार्थ निघाला. त्याच्यावरून सुधारून जे रेणू केले त्यातला एक निटिसिनोन. हे औषध वनस्पतीतलं एचपीपीडी नावाचं एन्झाइम थांबवतं. ते थांबलं की पानाला उन्हापासून वाचवणारी पिवळी रंगद्रव्यं बनत नाहीत, मग हिरवा रंग उन्हानं उडतो आणि पान पांढरं पडतं. तुमचं टेम्बोट्रिऑन त्याच जागेवर काम करतं.

आता हे एन्झाइम आपल्यात आहे. टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल मोडायच्या साखळीतली ती एक पायरी. चाचणीत उंदरांच्या रक्तात टायरोसिन वाढलं, डोळ्यांच्या बुबुळाला त्रास झाला. कंपनीच्या दृष्टीनं वाईट बातमी. पण स्वीडनमध्ये गोथेनबर्गला स्वेन लिंडस्टेड नावाचे डॉक्टर अशा बाळांवर उपचार करत होते ज्यांना टायरोसिनेमिया हा जन्मजात आजार असतो. त्यांच्यात ही साखळी शेवटच्या पायरीवर तुटलेली असते, आणि तिथे तुंबलेल्या विषारी पदार्थांनी यकृत संपतं. लिंडस्टेड यांना वाटलं की ही साखळी वरच्या पायरीवरच अडवली तर खाली विष साचणारच नाही. कॅनॉल फुटला तर आपण वरचं दार बंद करतो ना, तसं. १९९१ मध्ये पहिल्या बाळाला दिलं, १९९२ मध्ये निष्कर्ष छापून आले, २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या बाळांचं यकृत बदलण्यावाचून उपाय नव्हता ती आज पथ्य सांभाळून जगतात.

म्हणजे तण मारायला शोधलेला रेणू पुढे लेकरांना जगवायला आला.

डवरा_वखर
सर, हे वाचून डोयात पानी आलं बाप्पा. मघा इख म्हना म्हनलो मी. आता काय म्हनावं समजून नाई रायलं.

गावची_आशा
काका, तुम्ही मघाशी म्हणालात ते मागे घेऊ नका. मी आशा कार्यकर्ती आहे, यवतमाळ जिल्ह्यातच. २०१७ चा पावसाळा आम्ही पाहिला आहे. पराटी डोक्याच्या वर गेली होती, दोन-तीन कीटकनाशकं एकत्र करून फवारत होते, ना मास्क ना हातमोजे, आणि जिल्ह्यात २० च्या वर माणसं गेली. गावातला जो तो "औषध मारून आला अन् उलट्या सुरू झाल्या" असंच सांगत होता. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हे, हे सरांच्या जू-बैलाच्या भाषेत मला आज समजतं, पण घरात डबे एकाच फळीवर असतात.

मला गृहभेटीत जे दिसतं ते सांगते. पॅराक्वाट नावाचं तणनाशक कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं. त्याच्यावर उतारा नाही, एक घोट पुरतो. उरलेली पुडी साखर-चहाच्या डब्यामागे. आणि आता काळीमाती दादांच्या घरी तणनाशकाचा कागद अन् आईच्या गोळीचा कागद एका ठिकाणी. दादा, पुडी आजच घरातून बाहेर, कुलपात. पाकीट जपून ठेवा, कधी काही झालं तर डॉक्टर पहिले तेच मागतात.

आयुर्वेद_प्रेमी
मी तर म्हणतो आईंचं मन सांगतंय तर गोळी सोडूनच द्या, कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू करा. रसायन ते रसायन.

फार्मसीवाली_वर्धा
असं लिहू नका हो. कारलं भाजी म्हणून रोज करा, कोणी अडवत नाही. पण २४३ असलेल्या बाईला गोळी सोडा म्हणणं म्हणजे तिचे डोळे आणि किडनी पणाला लावणं. रसायन तर कारल्यातही आहे, जांभळातही आहे, निसर्गातलं असलं म्हणून निरुपद्रवी नसतं, सरांनी आत्ताच बॉटलब्रशचं सांगितलं.

आणि याच गोळीचा खरा धोका कोणी बोलत नाही म्हणून मीच सांगते. आपल्याकडे श्रावण आला की सोमवार, शनिवार, एकादशी. बाया गोळी घेतात आणि उपाशी राहतात. किंवा सकाळी गोळी घेऊन भाकर न खाता वावरात जातात. गोळी तर इन्सुलिन काढणारच, पोटात काही असो नसो. मग घाम, थरथर, चक्कर, असंबद्ध बोलणं. शुद्धीत असेल तर लगेच गूळ-पाणी किंवा साखरेचं पाणी द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण या गोळीचा अंमल तासन्‌तास टिकतो, साखर परत पडते. उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

आयुर्वेद_प्रेमी
ठीक आहे ताई, उपासाचं मला माहीत नव्हतं. गोळी सोडा म्हणालो ते मागे घेतो.

मुलगा_पुण्यात
सरांना एक शंका. जंतूंमध्ये ते तणनाशकवालं एन्झाइम असतं का? असेल तर त्यातून नवीन अँटिबायोटिक का नाही करत?

रसायनवाले_सर
असतं. क्षयाच्या जंतूत आहे, बुरशीत आहे. सल्फोमेट्युरॉन या तणनाशकाचा क्षय झालेल्या उंदरांवर प्रयोग झाला आणि त्यांच्या फुप्फुसातले जंतू काही प्रमाणात आवरले, हे १९९८ मध्ये छापून आलं आहे. त्याची गोळी मात्र झालेली नाही. आणि झाडंही हुशार आहेत, हेही लक्षात असू द्या. क्लोरसल्फ्युरॉन बाजारात आलं १९८२ ला, १९८७ मध्ये अमेरिकेत आयडाहोच्या गव्हात त्याला दाद न देणारं तण सापडलं. पाच वर्षं. जंतूंचं जसं अँटिबायोटिकला होतं तसंच. सोयाबीनचं दुसरं तणनाशक इमॅझेथापायर, त्याचं घराणं वेगळं पण मारतं त्याच एन्झाइमला, म्हणून एका साली हे अन् दुसऱ्या साली ते केलं तर बदल केला असं होत नाही.

धुऱ्यावरचा
हे मला नवीन आहे. मी तर दरवर्षी हेच दोन आलटून पालटून मारतो अन् समजतो फेरपालट झाली.

काळीमाती
मंडळी, सांगायला आलो. काल सकाळी आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी साखर पाहिली, लघवी तपासली, तीन महिन्यांची सरासरीवाली तपासणी पाठवली. गोळी आधीच्याच डोसनं सुरू करा म्हणाले, आठ दिवसांनी परत बोलावलं.

पण आई डॉक्टरांमुळे नाही ऐकली. रात्री पोरीनं तिला हा सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. जू-बैलाचं तिला लगेच समजलं, म्हणाली, "मंग असं सांगा ना, नाव एक अन् बैल येगळे." माँपेलिएच्या पेशंटांचं ऐकून गप्प झाली. बाळांचं ऐकून परत वाचायला लावलं. निंदणवाली ताईंचं वाचल्यावर म्हणाली ही बाई बराबर बोलून रायली. आईनं स्वतः वीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात निंदलं आहे. आज सकाळी तिनं स्वतः गोळी मागून घेतली, आधी भाकर काढून ठेवली अन् मग घेतली.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. माझ्या चार एकरात नुसतं सोयाबीन आहे, तूर दुसरीकडे. माती मागच्या साली तपासली होती, कार्ड काढून पाहिलं, सामू ७.९. रब्बीत तिथेच हरभरा घ्यायचा आहे. मग मारू का?

पूर्णाकाठ
७.९ अन् पुढे हरभरा, मी असतो तर नसतं मारलं. वापसा आल्यावर दोन डवरणी अन् एक निंदण यात निभतं का पाहा. पुडी परत घेत असेल तर दुकानात देऊन टाका, बिल असेलच.

झाडीपट्टी
माझं पण तेच मत. आमच्या बांधीत पाणी उभं राहते, जमीन पण वेगळी, म्हणून आमचा अनुभव तुमच्याकडे नाही चालणार.

रसायनवाले_सर
सहमत. आणि मारायचंच ठरलं कधी, तर मोजून, एकराला जेवढं लिहिलंय तेवढंच. "थोडी जास्त टाकू" हे ग्रॅमच्या औषधात सगळ्यात महाग पडतं.

निंदणवाली
दादा तुमच्या गावात टोळी मिळत नसेल तर सांगा, दारव्ह्यापासून आमचं गाव लांब नाही. झड उघडली की येतो आम्ही.

काळीमाती
ताई, चार एकर आहे. मेसेज करतो, या. पुडी परत केली, दुकानदारानं कुरकुर करत घेतली.

पोरगी आज कॉलेजातून येताना पंचायत समितीच्या आवारात गेली होती, तिथे बॉटलब्रशची दोन झाडं आहेत. म्हणते बाबा एकाखाली गवत खरंच विरळ आहे, पण दुसऱ्याखाली लोकं गाड्या लावतात त्यामुळे समजत नाही. आता कॉलेजच्या प्रकल्पासाठी ती त्या झाडाखालची माती आणून कुंडीत मोहरी टाकणार आहे. सर, किती कुंड्या लावाव्यात?

रसायनवाले_सर
झाडाखालच्या मातीच्या पाच आणि तिथूनच वीस पावलं लांबच्या मातीच्या पाच. प्रत्येकीत मोजून दहा दाणे, पाणी सारखं. कोणती कुंडी कुठली ते आजीला माहीत असू दे, मोजणाऱ्याला नको. उगवलं की इथेच लिहायला सांगा.